मुंगळा, तांब्या आणि तीन मुक्काम

आमच्या दाजींच्या तोंडी प्रवासासाठी एकच क्रियापद आहे: होणं. काश्मीर झालं, केरळ झालं, मग युरोप झालं. अकरा दिवस, सात देश. ताईला मी विचारलं, सगळ्यांत जास्त काय आवडलं? तिने जरा आठवून बघितलं आणि म्हणाली, "बसच्या सीटा चांगल्या होत्या रे." यात टोमणा नव्हता. अकरा दिवसांतला बराचसा वेळ तिने त्या सीटवरच काढला होता.

हे २०२३ च्या भाऊबिजेचं बोलणं. त्याच रात्री मेधा म्हणाली, "आपण पण जाऊ या ना कुठेतरी. बाहेर." बाहेर म्हणजे त्र्यंबक-वणीच्या बाहेर नव्हे, हे तिच्या आवाजावरून कळलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि पासपोर्टवर एकही शिक्का नव्हता. ठकू तेव्हा चार वर्षांची. दोन वर्षांच्या आतलं मूल आईच्या मांडीवर बसून जवळपास दहा टक्के भाड्यात विमानाने जातं. पण ठकूची ती दोन वर्षं कोविडात घरातच गेली. आता तिला पूर्ण सीट लागणार होती. उलट बाजूला, ती ज्युनियर केजीत होती. पहिलीत गेल्यावर दहा दिवस दांडी मारली तर शाळा पालकांना बोलावते. तेव्हा आत्ताच.

श्रीलंका ठरली ती माझ्या आळशीपणामुळे. मी नकाशापेक्षा घड्याळ आधी बघतो. २००६ पासून श्रीलंकेचं घड्याळ आपल्याच घड्याळाबरोबर चालतं, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, दोघांत एक मिनिटाचाही फरक नाही. लहान मूल बरोबर असताना याचं मोल काय ते ज्याने रात्री दोन वाजता टक्क जागं पोर सांभाळलंय त्यालाच कळेल. मुंबईहून कोलंबो अडीच-पावणेतीन तासांचं विमान. नाशिकहून मुंबई विमानतळ गाठायला त्याहून जास्त लागतात, निदान तेव्हा तरी लागत होते. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. आमच्या नशिबी कसारा घाट होता, आणि ठकूला कसारा घाट लागतो. पहिल्या वळणाला ती गप्प होते, दुसऱ्याला खिडकी मागते, आणि तिसऱ्याच्या आत पिशवी हातात असावी लागते.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी सातपूरला एका कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतो. प्रेस शॉप. रोजचं काम म्हणजे कुठल्या मशीनवर कुठला जॉब, किती वाजता, किती नग. तेव्हा सहलीचा तक्ता मी काय झोकात केला असेल! एक्सेल शीट, रंग भरलेले रकाने. नेगोंबो, सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, याला, गाले, कोलंबो. दहा रात्री, आठ मुक्काम. नाशकातल्याच एका प्रवास कंपनीच्या माणसाला दाखवला तर तो खूश झाला. म्हणाला, "साहेब, एक दिवस काढला तर त्रिंकोमाली पण बसेल."

मेधाने शीट बघितली आणि एकच विचारलं, "यात शी-शू कुठे आहे?"

मी हसलो. पण रविवारी तिच्या समाधानासाठी म्हणून नाशकातल्या नाशकात रंगीत तालीम घेतली. सकाळी पांडवलेणी, मग मिसळ, मग अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय, संध्याकाळी सोमेश्वर. चार स्थळं, सगळी ओळखीची, गाडी आपली, भाषा आपली. यात काय अवघड?

पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढायला सुरुवात केली आणि साधारण विसाव्या पायरीवर ठकूच्या हातातून चिवडा सांडला. लगेच एक काळा मुंगळा आला. त्याने एक पोहा उचलला. तो पोहा त्याच्या अंगाच्या तिप्पट होता, आणि मध्ये पायरीची कड होती. मुंगळा कडेपर्यंत यायचा, पोहा पुढे करायचा, पोहा वाऱ्याने हलायचा आणि मुंगळ्यासकट मागे पडायचा. पुन्हा. ठकू गुडघ्यांवर हात ठेवून उकिडवी बसली. मी म्हटलं, चल, वर गुहा आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या, राजांनी भिक्षूंना दिलेल्या. ती म्हणाली, "थांब ना बाबा, तो पडला परत." मी सवयीने मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. सोळाव्या मिनिटाला मुंगळ्याने पोहा सोडून दिला. आम्ही उठणार, तोच दुसऱ्याने उचलला. तो हुशार होता, पोहा उलटा ओढत नेत होता. कडेवरून आधी स्वतः खाली उतरला आणि मग पोहा ओढून घेतला. ठकूने टाळी वाजवली. स्टॉपवॉच एकेचाळीस मिनिटांवर. तोवर ऊन चढलं होतं, तिला तहान लागली होती, वर जायची तिची तयारी नव्हती. मिसळ झाली. गाडीत झोपली. अंजनेरी आणि सोमेश्वर राहिलं. घरी आल्यावर आजीने विचारलं, काय काय बघितलं? "मुंगळा," ठकू म्हणाली, आणि पुढची पंधरा मिनिटं तो पोहा कसा उतरला ते हातवारे करून सांगितलं. पांडवलेण्यांत चोवीस लेणी आहेत, हे सांगायचं माझ्या मनातच राहिलं.

कारखान्यात नवीन ऑपरेटर हळू वाटला की मी आधी त्याच्या मशीनपाशी उभा राहून सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, घेतो. निम्म्या वेळा माणूस हळू नसतो, आमच्या कागदावरचा आकडाच खोटा असतो. त्या रात्री मी शीट पुन्हा उघडली.

आमच्या प्रेसवर एक जॉब संपून दुसरा लावायचा तर डाय, म्हणजे साचा, बदलावी लागते. जुनी उतरवा, नवी चढवा, सेटिंग करा, पहिला नग तपासा, आणि तरी सुरुवातीचे चार-सहा नग भंगारात जातातच. या वेळात मशीन उभं असतं, वीज आणि पगार मात्र चालू. म्हणून कुठलाही शहाणा प्लॅनर दिवसातून आठ वेळा डाय बदलत नाही. आणि इथे मी दहा दिवसांत आठ हॉटेलं लावून बसलो होतो! प्रत्येक हॉटेल म्हणजे एक डाय चेंज. बॅग भरा, चार्जर शोधा, ठकूचा ससा पलंगाखालून काढा, गाडी, नवी खोली, नवा नळ, गरम पाणी कुठल्या बाजूला, रात्री संडासाचा दिवा कुठे. नव्या जागेतली पहिली रात्र ठकू धड झोपत नाही, हे मामाच्या गावापासून माहीत होतं. म्हणजे प्रत्येक मुक्कामातला पहिला नग भंगारात. आठ मुक्काम, आठ भंगार रात्री. उरल्या दोन.

मग कापाकापी सुरू झाली. यालाचं अभयारण्य गेलं, कारण पहाटे पाचला जीपमध्ये बसायचं होतं. एल्ला गेलं. त्रिंकोमालीचा तर प्रश्नच नव्हता. एवढ्याशा बेटावर दोन पावसाळे आहेत. नैऋत्येकडचा किनारा आणि डोंगर साधारण डिसेंबर ते मार्च कोरडे असतात, तर पूर्व किनारा मे ते सप्टेंबर. आपली मे महिन्याची सुट्टी घेऊन गालेला गेलात तर पाऊसच स्वागताला. आम्ही फेब्रुवारी धरला. ४ फेब्रुवारी त्यांचा स्वातंत्र्यदिन, म्हणून निघणं ६ तारखेला. पौर्णिमाही टाळली. तिकडे प्रत्येक पौर्णिमेला 'पोया' म्हणून सरकारी सुट्टी असते, आणि देवळांत गर्दी.

सिगिरिया कापलं तेव्हा मात्र घरात दोन दिवस अबोला होता. मेधा चित्रकला शिकवते. सिगिरियाच्या कड्यावर पाचव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, अजिंठ्याच्या चुलतबहिणी म्हणता येतील अशी. कॉलेजात असल्यापासून तिला ती बघायची होती. वर जायला बाराशेच्या आसपास पायऱ्या. मी म्हटलं, वीस पायऱ्यांना एकेचाळीस मिनिटं, तर बाराशेला किती? ती म्हणाली, "मी एकटी जाते, तुम्ही खाली मुंगळे बघा." बरोबर होतं तिचं. पण त्यासाठी अजून दोन मुक्काम वाढत होते. शेवटी तिनेच रकाना पुसला. हे कर्ज माझ्यावर आहे आणि अजून फिटलेलं नाही. पोरासाठी सगळे आनंदाने सोडतात असं लोक म्हणतात. काही गोष्टी आनंदाने सोडल्या जात नाहीत, नुसत्या सोडल्या जातात.

राहिले दोन मुक्काम. गालेला पाच रात्री, कँडीला पाच. गालेचा कोट मला आधीपासून डोळ्यांपुढे दिसत होता. पोर्तुगिजांनी घातलेला, डचांनी दगडात बांधलेला, तटावरून चालत फेरी मारता येते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला घरं, तटाखाली क्रिकेटचं मैदान. २००४ च्या त्सुनामीत आजूबाजूचं गाव उद्ध्वस्त झालं, पण या तटाने आतली वस्ती बरीचशी वाचवली. कोटात राहायचं, म्हणजे गाडीच लागत नाही. सकाळी एक गोष्ट, दुपारी झोप, संध्याकाळी तटावर. कँडीलाही तसंच. तळ्याकाठी बदकं, आणि जवळच पेरादेनियाची बाग. १८२१ मध्ये सुरू झालेली, जवळपास दीडशे एकर, तिन्ही बाजूंनी महावेली नदीचा वेढा, आणि झाडांना शेकड्याने उलटी लटकलेली वटवाघळं. ठकूला ती बाग दोन दिवस पुरेल असा माझा हिशोब.

त्या प्रवास कंपनीच्या माणसाला हे सांगितलं तर म्हणाला, "दहा दिवसांत दोनच? पैसे वाया घालवताय." मग आम्ही आमचंच बुकिंग केलं.

इथवर आईचा यात काहीच संबंध नव्हता. तिने २०२२ मध्ये टीव्हीवर तिकडच्या पेट्रोलच्या रांगा बघितल्या होत्या. "रावणाच्या देशात लेकरू घेऊन कशाला जाताय," एवढं म्हणून ती गप्प बसली होती. आईचं माहेर पंचवटीतलं. ती आजही गोदावरीला गोदावरी म्हणत नाही, "गंगेवर जाऊन येते" म्हणते. डिसेंबरातल्या एका सोमवारी ती ठकूला घेऊन गेली. आधी काळाराम, मग सीतागुंफा. गुंफेचं तोंड ठेंगणं, मोठ्या माणसाला वाकून, सरकत आत जावं लागतं. आईचे गुडघे गेलेले, ती बाहेरच थांबली. ठकू मात्र उभ्याउभ्या आत गेली आणि बाहेर आली. सीतेचं हरण इथूनच झालं अशी श्रद्धा आहे. आईने गोष्ट सांगितली.

पुढचा संवाद मला आईकडूनच कळला.

"मग तो तिला कुठे घेऊन गेला?"

"लंकेत."

"म्हणजे आपण जाणारे तिकडे?"

"हो गं."

"रावणाला किती दिवस लागले?"

"विमान होतं त्याचं. पुष्पक."

"मध्ये कुठे थांबला नाही?"

"टाकेदला जटायूने अडवला ना त्याला."

इगतपुरी तालुक्यातलं सर्वतीर्थ टाकेद. जटायू तिथे पडला असं सगळ्या नाशिक जिल्ह्याला ठाऊक आहे. ठकूने हिशोब केला, "म्हणजे एकच स्टॉप." आणि मग तिने विचारलं, "सीता राहिली ते घर आपण बघणार?"

आईने घरी येऊन मला तेच विचारलं. सीता एलिया, नुवारा एलियापासून पाचेक किलोमीटर. ओढ्याकाठी सीता अम्मनचं देऊळ, हीच अशोकवाटिका असं मानतात. ओढ्यातल्या खडकावरचे खळगे म्हणजे मारुतीची पावलं. मी म्हटलं, आई, ते कापलंय, घाट आहे, ठकूला घाट लागतो. आई म्हणाली, "इथून नेली ते ठिकाण माझ्या दारात. जिथे ठेवली तिथवर जाऊन तिला न भेटता परत याल?" मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "मी येऊ का?"

सहासष्ट वर्षांच्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं होतं. त्यावर प्लॅनर काय बोलणार?

पासपोर्टला दोघींना एकाच दिवशी नेलं. आठ वर्षांखालच्यांना आणि साठीच्या वरच्यांना शुल्कात १० टक्के सूट असते. सरकारने आजी आणि नातीला एकाच पारड्यात बसवलंय, तेव्हा मीही बसवायला हरकत नव्हती. ठकूच्या अर्जाला आम्हा दोघांच्या सह्यांचं संमतीपत्र, अ‍ॅनेक्शर डी. आईच्या पडताळणीला पोलीस घरी आला तेव्हा तिने त्याला चहा, चिवडा आणि लाडू दिला, आणि वर विचारलं, "तुम्ही गेलात का हो लंकेला?" व्हिसाचं शुल्क त्या वर्षी भारतीयांना ३१ मार्चपर्यंत माफ होतं, ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, तेवढी काढली.

आई आल्यामुळे शीट बिघडेल असं मला वाटलं होतं. उलट ती बसली. दुपारची झोप दोघींना हवी, पायऱ्या दोघींना नकोत, रात्री आठला दोघींचे डोळे मिटणार. माझ्या शीटमध्ये एक लहान मूल आणि तीन मोठे होते, प्रत्यक्षात आता दोन जोड्या झाल्या. कधीतरी मेधा आणि मी दोघंच तटावर जाऊ शकू हा हिशोब आधी तिच्या लक्षात आला, मग माझ्या.

पण घाट होताच. कँडीहून नुवारा एलिया रस्त्याने पाऊणशे किलोमीटर, सगळी वळणं. पिशव्या किती न्यायच्या? तीन रात्री यावर डोकं घासल्यावर आगगाडी सापडली. कँडीहून नानू ओया चार तासांच्या आसपास, चहाच्या मळ्यांतून. डोंगरात गाडी इतकी सावकाश चढते की ठकूचं पोट बिघडायचं कारण नाही. आणि नानू ओयाहून नुवारा एलिया आठ-नऊ किलोमीटर. लोक हीच गाडी एल्लापर्यंत सहा-सात तास घेतात. फोटो छान येतात, पण चार वर्षांच्या पोराचा चौथ्या तासानंतर फोटो काढून बघा. आरक्षण महिनाभर आधी उघडतं आणि लगेच संपतं, त्या दिवशी मी शिफ्ट मीटिंगमध्ये टेबलाखाली तिकिटं काढली. (आता जाणाऱ्यांसाठी: २०२५ च्या नोव्हेंबरात दित्वा चक्रीवादळाने त्या डोंगरातल्या रेल्वेचं फार नुकसान केलं. गाडी कुठवर धावते ते आधी विचारा.)

तेव्हा गाले पाच, कँडी तीन, नुवारा एलिया दोन. एक डाय चेंज वाढला. परतीच्या दिवशी डोंगरातून थेट विमानतळ हा एक लांबलचक दिवस राहिला, तो मला टाळता आला नाही. विमान रात्रीचं घेतलं आणि मध्ये जेवणाचा मोठा थांबा टाकला.

खाण्याची काळजी आईला होती, ठकूला नाही. मसुराचं नारळाच्या दुधातलं वरण, त्याला ते परिप्पु म्हणतात. तांदळाच्या शेवयांसारखं इडिअप्पम. मातीच्या मडक्यात लावलेलं म्हशीचं दही आणि वर कितुल झाडाचा काकवीसारखा पाक. ठकू यावर महिना काढेल. पण आई शाकाहारी, आणि तिकडच्या खोबऱ्याच्या चटणीतही, पोल सांबोल म्हणतात तिला, वाळवलेल्या माशाचा चुरा घालायची पद्धत आहे. निरुपद्रवी दिसते, पांढरी-लाल. एका कार्डावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: मासा नको, चुरासुद्धा नको. आईने तरी अर्धा किलो भाजणी, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं घेतलंच. डॉक्टरांनी ओआरएस, तापाचं औषध, थर्मामीटर आणि डासांचं क्रीम सांगितलं. डेंग्यू तिकडेही आहे. नुवारा एलिया अठराशे मीटरच्या वर, फेब्रुवारीतल्या रात्री गारठा. "निफाडपेक्षा जास्त?" आईने विचारलं आणि शाल एकच घेतली.

आदल्या दिवशी ती सकाळीच गंगेवर गेली आणि तांब्या भरून आणला. छोटा, तांब्याचा, हातात मावेल एवढा. येताना भांडी बाजारातून त्याला झाकण डाख देऊन बंद करून घेतलं होतं. "सीतामाईला रामकुंडाचं पाणी," ती म्हणाली. हातातल्या बॅगेत शंभर मिलिलिटरच्या वर पाणी चालत नाही, म्हणजे हा मोठ्या बॅगेत, ठकूच्या फ्रॉकांच्या मधोमध. मेधा म्हणाली, गळला तर? सगळे कपडे ओले.

आमच्याकडे टाक्यांची गळती तपासतात तशी तपासू म्हटलं. बादली भरली, तांब्या आडवा बुडवला. झाकणाच्या सांध्यातून हवा निघाली तर बुडबुडा दिसतो. मी दोन मिनिटं बघितलं, काही नाही. आईने देवाचं नाव घेतलं आणि शाल घडी करायला गेली. मेधा बॅगेचं वजन करत होती. गाडी रात्री साडेतीनला येणार होती, अजून चार्जर मिळाला नव्हता.

ठकू बादलीपाशी उकिडवी बसली होती, गुडघ्यांवर हात ठेवून.

"झालं गं, नाही गळत तो."

"थांब ना बाबा," ती म्हणाली, "एक आला की सांगते."